अमोलची दाढी, माझ्या तोंडावर

माझ्या तोंडावर सध्या जी दाढी आहे ती माझी नाही, आमच्या अमोलची आहे. गेल्या चार महिन्यांत हे मी इतक्या लोकांना समजावून सांगितलं आहे की आता समोरचा नुसता माझ्या हनुवटीकडे बघायला लागला तरी माझं तोंड आपोआप सुरू होतं. तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो.

अमोल माझा मुलगा. लष्करात नायक आहे आणि त्याची पलटण सध्या दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेत आहे. डोक्यावर निळी टोपी, राहायला पत्र्याचा कंटेनर, आणि काम म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन गटांच्या मधोमध जाऊन उभं राहायचं. आमच्या सातपूरच्या कॉलनीत पार्किंगवरून भांडण झालं तर मध्ये पडायला कुणी तयार नसतं, आणि हा त्यासाठी विमानात बसून गेला. पोस्टिंग वर्षभराचं.

लोकांना वाटतं तिकडे सैनिक दिवसभर बंदूक रोखून उभे असतात. मला फोनवर जे कळतं त्यावरून त्यांचा निम्मा जीव नीटनेटकं दिसण्यात जातो. पहाटे पाचला शिट्टी. माणशी अर्धा मग पाणी, त्यात दाढी. मग बुटांना पॉलिश. बाहेर काळा चिखल, दहा पावलांत बूट ओळखू येत नाहीत, तरी पॉलिश व्हायलाच हवं. दर रविवारी पलटणीचा न्हावी झाडाखाली खुर्ची मांडतो आणि कानाच्या वर नावापुरते केस ठेवतो. सकाळी सहाला फॉलिन, म्हणजे सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं आणि सुभेदारसाहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे बघत जायचं. साहेबांच्या खिशात कापसाचा बोळा असतो. संशय आला की तो गालावरून फिरवतात. एक तंतू जरी अडकला तरी गडी परत आरशासमोर.

"शेजारच्या कॅम्पात दुसऱ्या देशाची पलटण आहे पप्पा," अमोल म्हणाला होता. "त्यांच्यात छातीपर्यंत दाढ्या चालतात. आपल्यात नाही."

मी बत्तीस वर्षं इथल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. हातात मायक्रोमीटर घेऊन मी इतका माल परत पाठवला की मशीनवरची पोरं मला बघून शिव्या द्यायची आणि मग नमस्कार करायची. त्या सुभेदारसाहेबांना मी कधी पाहिलेलं नाही, पण हा माणूस माझ्या धंद्यातला आहे हे मी ताबडतोब ओळखलं. मी स्वतः रोज दाढी करणारा माणूस. रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, ताप असताना आणि संपावर असताना, रोज. संपाच्या मांडवात घोषणा देणारा एकमेव गुळगुळीत माणूस मी होतो, असं अजून सांगतात.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण मला एक थोरली बहीण आहे. कुसाबाई, आमची आक्का. ती निफाडजवळच्या आमच्या गावी असते. द्राक्षबागेवर कुठलं औषध कधी मारायचं इथपासून कुणाची सोयरीक कुठे करायची इथपर्यंत सगळे निर्णय ती एकटीच घेते आणि नंतर कळवते. अमोलचं विमान सुटलं त्या दिवशी ती वणीच्या गडावर गेली आणि देवीला बोलून आली. पोरगं धडधाकट माघारी येईपर्यंत त्याच्या तोंडाला वस्तरा लागणार नाही, आणि आल्यावर त्याचे केस गडावर देईन. आमच्यात लहान मुलांचं जावळ असं नवसाचं ठेवतात आणि देवीपाशी नेऊन काढतात. अमोलचंही ठेवलं होतं. पण अठ्ठावीस वर्षांच्या नायकाचं जावळ ठेवायचं ही कल्पना मात्र आक्काचीच. आम्हाला तिनं हे दीड महिन्यानं सातपूरला येऊन सांगितलं.

"आक्का, लष्करात दाढी चालत नाही," मी म्हणालो.

"सरदारांची चालती का नाय?"

"त्यांच्या धर्मात आहे ते."

"मंग अमोलनं साहेबाला सांगायचं, देवीचं हाय म्हणून. साहेबाला आई नाय का?"

शेवटी तिच्यासमक्ष अमोलला फोन लावला. तो इतका हसला की पडद्यावर नुसतं कंटेनरचं छत दिसायला लागलं. "आत्या, साहेब म्हणतील, देवीचा अर्ज घेऊन ये, तीन प्रतींत."

"आसा अर्ज कोण ल्हितं रे?" आक्कानं मला गंभीरपणे विचारलं.

इथे सुनीलचा प्रवेश झाला. सुनील आमच्या समोरच्या दारात राहतो. त्याचा कुरिअरचा धंदा आहे, आणि ज्या विषयात त्याच्याकडे सल्ला नाही असा विषय अजून निघालेला नाही. तो म्हणाला, "रंगनाथभाऊ, नवस दुसऱ्याच्या नावावर करता येतो. माझ्या मेव्हण्याचा गुडघ्यांवर गड चढायचा नवस होता. त्याचे गुडघे गेले, तेव्हा भाच्यानं चढून फेडला. देवीनं काही हरकत घेतली नाही."

आक्कानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाजारात गाय बघतात तसं पाहिलं. "बापाची दाढी काय आन् पोराची काय, रगत एकच," ती म्हणाली आणि विषय संपला. मी ज्योत्स्नाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, आशेनं बघितलं. तिनं शिकवण्यांमध्ये पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. ती म्हणाली, "अहो, तुमचा विश्वास नाही ना नवसावर? मग वाढवायला काय हरकत आहे? विश्वास नसलेल्या माणसाला दाढी म्हणजे नुसती दाढीच."

खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे फेस लावला, रेझर उचलला, आणि हात गालापाशी थांबला. मी देवभोळा नाही. पण समजा मी ही दाढी केली आणि तिकडे काही झालं, तर? उरलेलं आयुष्य मी आरशात कसं बघणार? मी फेस धुऊन टाकला. त्या दिवसापासून मला स्वस्थता म्हणून नाही.

दाढी आली तीही धड आली नाही. उजवीकडे दाट आणि पांढरी, हनुवटीवर करडी, आणि डाव्या गालावर रुपयाएवढी जागा मोकळीच. इन्स्पेक्टर म्हणून मी हा माल तिथल्या तिथे परत पाठवला असता. खाज इतकी की मी बोलताना हनुवटी दाराच्या चौकटीला घासायला लागलो. मोकळ्या जागेवर कांद्याचा रस चोळा, असा सुनीलचा सल्ला होता, आणि कांदा लासलगावचाच हवा, का ते विचारू नका. मी चोळला. त्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारची सीट नाशिकरोडपर्यंत रिकामी राहिली. पुढच्या महिन्यात शालिमारच्या स्टॉपवर एका म्हाताऱ्या बाईनं माझे पाय धरले आणि हातात दोन केळी ठेवली. सिंहस्थाची तयारी चाललेली असल्यामुळे शहरात साधू लवकर यायला लागलेत, असा तिचा समज झाला असावा. मी तिला अमोलचं सगळं सांगायला लागलो, पण तिची बस आली. माझी आली नव्हती, म्हणून मी केळी खाल्ली.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. मी जिवंत आहे हे दरवर्षी एका यंत्रापुढे चेहरा धरून सिद्ध करावं लागतं. यंत्र म्हणालं, चेहरा जुळत नाही. काउंटरवर निकिता नावाची मुलगी होती, बोलायला गोड. तिनं बोट ठेवायला सांगितलं. बत्तीस वर्षं लोखंड हाताळून माझ्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र म्हणालं, ठसा नाही. डोळे बघणारं यंत्र होतं, ते दुरुस्तीला गेलं होतं.

"काका, दाढी काढून या ना," निकिता म्हणाली.

"ती माझी नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं, निफाडपासून सुदानपर्यंत. मागे रांग वाढत गेली.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मग ज्यांची आहे त्यांना घेऊन या."

"अहो, मी जिवंत आहे हे तुम्हाला दिसतंय ना?"

"मला दिसतंय हो काका. पण मला दिसून उपयोग नाही."

मी घरी आलो. अपमान झाला होता, पण तो कुणी केला ते नक्की सांगता येत नव्हतं, आणि असा अपमान जास्त दिवस टिकतो. ज्योत्स्ना म्हणाली, "पेन्शन थांबली तर थांबू दे, तो येईपर्यंत." ती इतक्या चटकन म्हणाली की तिचाही हात कुठेतरी थांबलेला आहे हे मला तेव्हा कळलं.

आणि मग अमोलचे फोन बंद झाले.

तो रोज नाही तरी एक दिवसाआड बोलायचा. मंगळवारी त्याचा दोन ओळींचा मेसेज आला, पाऊस फार आहे, कॅम्पभोवतीच्या मातीच्या बांधावर काम चालू आहे, नंतर बोलतो. नंतर काही नाही. बुधवारी मी स्वतःला समजावलं. गुरुवारी सुनीलनं समजावलं. शुक्रवारी मी गॅलरीतून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत इतक्या फेऱ्या घातल्या की खालच्या मजल्यावरून काय चाललंय असं विचारायला माणूस आला. ज्योत्स्नानं एकाच सकाळी दोनदा कणीक मळली. अडचणीच्या वेळी करायचा म्हणून दिलेला नंबर नुसता वाजत राहायचा. बातम्यांत दक्षिण सुदानचं नावही नव्हतं. ते चांगलं की वाईट, यावर आम्ही नवरा-बायको तासभर भांडलो.

रविवारी ज्योत्स्ना भाजीला गेली. घरात बसवेना, म्हणून मी तसाच खाली उतरून जिन्याच्या पायरीवर बसलो. आंघोळ नाही, पायात चप्पल नाही, अंगावर पांढरा लेंगा आणि बनियन, आणि तोंडावर ही दाढी. तळमजल्यावर आठवड्यापूर्वीच एक निवृत्त गृहस्थ राहायला आले होते. त्यांना माझ्या दाढीची कथा ठाऊक नव्हती, हे मी आज त्यांच्या बाजूनं सांगतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा थांबले आणि वॉचमनकडे गेले. थोड्या वेळानं मी वर आलो.

दहाच्या सुमारास बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरचे दोघं आले, काही न बोलता बसले. मग चौघं आले. मग बायका आल्या आणि पदर सावरून भिंतीशी बसल्या. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या, त्याही आवाज न करता. मला वाटलं, अमोलचा फोन येत नाही हे कळल्यामुळे धीर द्यायला आलेत. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. एकानंही पाणी घेतलं नाही.

आणि मला रीत आठवली. दुखवट्याच्या घरी पाणी घेत नाहीत. म्हणजे यांना काहीतरी कळलंय, जे मला कळलेलं नाही. विचारायचं धाडस होईना. मी विचारणार आणि ते सांगणार, आणि एकदा सांगितलं की ते परत घेता येणार नाही. त्यापेक्षा कुणी काहीच बोलू नये. मी तांब्या हातात धरून तसाच बसून राहिलो. सुनील येऊन माझ्याजवळ बसला आणि त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ज्या माणसाकडे कांद्यापासून गुडघ्यापर्यंत सगळ्यावर सल्ला असतो तो गप्प होता, तेव्हा माझी खात्रीच पटली.

अकरा वाजता आक्का आली. सुनीलनंच तिला नऊलाच फोन करून लगेच या म्हणून सांगितलं होतं. तिच्या हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी होती. आमच्यात ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, नातेवाईक पिठलं-भाकरी करून आणतात. आक्कानं ते गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि उभ्या उभ्या भिंत धरली.

तिच्या मागोमाग ज्योत्स्ना आली. दारात चपलांचे तीस-चाळीस जोड होते, त्यांच्यापाशी ती थबकली. हातातल्या पिशव्या तिनं खाली ठेवल्या नाहीत.

"अहो, काय झालं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "यांना विचार."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुनील म्हणाला, "आम्हाला काय माहीत? आम्ही तर तुम्हाला भेटायला आलो."

"तुला कुणी सांगितलं?" ज्योत्स्नानं विचारलं. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

सुनीलला दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं होतं, त्यांना पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी, त्यांना वॉचमननं. खराब माल कुठल्या मशीनवर निघाला हे मी बत्तीस वर्षं असंच शोधत होतो, पण इतका जीव मुठीत धरून कधी शोधलं नव्हतं. वॉचमननं तळमजल्यावरच्या गृहस्थांकडे बोट दाखवलं. ते कोपऱ्यात हात जोडून बसले होते. ते म्हणाले, "यांचा मुलगा परदेशात सैन्यात, काही दिवस त्याची खबर नाही असं हा वॉचमन म्हणाला. आणि मी यांची वाढलेली दाढी पाहिली. मला वाटलं, सुतकाची आहे."

"ही माझी दाढी नाही," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. मग सगळं बाहेर पडलं. देवी, आक्का, कापसाचा बोळा, निकिता, आणि पाच दिवसांत मला एकदाही न लागलेली झोप. ते गृहस्थ दोन्ही कान धरून उभे राहिले. तेवढ्यात ज्योत्स्नाच्या पिशवीत फोन वाजला. बटाटे जमिनीवर घरंगळले, पण फोन सापडला.

पडद्यावर अमोल होता. "आई, सगळं ठीक आहे. टॉवर पडला होता, आज उभा केला. पप्पा कुठेत?"

खोलीतून एक मोठा श्वास बाहेर पडला. आक्का मटकन खाली बसली. मी फोन हातात घेतला आणि सवयीनं आधी हनुवटी बघितली.

अमोलला दाढी होती. पाच दिवसांची, काळी, चिखलानं माखलेली. आक्कानं ती पाहिली आणि हात जोडले. "बघा, देवीनंच वाढवून घेतली," ती सगळ्यांना सांगायला लागली.

मी मात्र दिवस मोजले. जो सुभेदार कापसाचा बोळा फिरवतो, तो पाच दिवस दाढी कशी चालवून घेईल? "साहेब काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

"त्यांचीही वाढलीय पप्पा." तो हसला, पण ते हसू उशिरा आलं. "बांध फुटला. आम्ही पोती भरत होतो. पाणी पिण्यापुरतंच होतं."

तो ठीक आहे, ठीक आहे म्हणत होता आणि त्याची दाढी मला सगळं सांगत होती. त्या पाच दिवसांत तिथे काय झालं असेल ते मला विचारायचं नव्हतं. मला फक्त तो गाल पुन्हा गुळगुळीत झालेला बघायचा होता.

"अमोल, दाढी कर."

"करतो ना. संध्याकाळी."

"आता पाणी आहे?"

"आज आलंय."

"मग आत्ता कर. माझ्यासमोर. फोन ठेवू नकोस."

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि फोन ट्रंकेला टेकवून ठेवला. आरशाचा तुकडा, अर्धा मग पाणी, फेस. आमच्या हॉलमध्ये चाळीस माणसं जमिनीवर बसून एका माणसाची दाढी बघत होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "डाव्या कानाखाली राहिलंय," सुनील म्हणाला. "उलटा हात नको, कापेल," तळमजल्यावरचे गृहस्थ कुजबुजले.

अमोल थांबला. "तिथे कोण कोण आहे?"

"सगळी कॉलनी," मी म्हणालो.

"का?"

ज्योत्स्ना म्हणाली, "सहज आलेत," आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

त्यानं तोंड पुसलं, गालांवरून तळहात फिरवला आणि चेहरा पडद्याजवळ आणला. "पास?"

"पास," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. बत्तीस वर्षांत पास म्हणताना कधी आलं नव्हतं. फोन बंद झाल्यावर सगळ्यांना एकदम तहान लागली. घरातलं पाणी संपलं, सुनीलच्या घरून आणलं. आक्काची पिठलं-भाकरी पंक्तीला बसून खाल्ली. "आसल्या कामाला केली व्हती खरी," आक्का म्हणाली, "पर टाकून थोडीच द्यायची?"

तेव्हापासून आमचं ठरलंय. रोज फॉलिनच्या आधी अमोल हनुवटीचा फोटो पाठवतो. बाकी काही लिहायचं नाही. तिकडचे सहा म्हणजे आपले साडेनऊ, म्हणून फोटो नऊच्या सुमारास येतो. माझी दाढी अजून आहे. नवसाला अर्धं वर्ष उरलंय आणि पेन्शनच्या कागदावर मी अजून जिवंत झालेलो नाही. पण सकाळी तो फोटो आला की मी चहा घेतो, जिन्यातल्या सगळ्यांना "झाली" म्हणून सांगतो, आणि दिवसभर माझं बरं चालतं.

आजचाही आला, वेळेवर. फक्त हनुवटीवर डाव्या बाजूला बारीकसं कापलंय. त्याचा हात इतका बसलेला आहे की तो एरवी कापत नाही. म्हणजे घाईत होता. मी फोन केला, उचलला नाही. ज्योत्स्ना म्हणते, "अहो, फॉलिनमध्ये असेल." मी तिला घड्याळ दाखवलं. सव्वानऊच झालेत, फॉलिनला अजून पाव तास आहे.

घाई कसली होती त्याला?